आधी गाव विचारा: ब्रिटन-आयर्लंडच्या दप्तरांतून पूर्वजांचा शोध

माझ्या माहेरची वंशावळ मला एका दुपारी मिळाली. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांनी आधी मूळ गाव विचारलं, मग आडनाव, मग वही काढून सात पिढ्यांची नावं वाचून दाखवली. शेवटच्या पानावर आजोबांची सही होती.

सासरच्या बाजूला असं काही नव्हतं. नवरा इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा, त्याच्या आईचं घराणं मूळचं आयरिश. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तेव्हा सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली: ‘माझे आजोबा मेयोचे.’ मेयो म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम टोकाची एक अख्खी काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी. त्या एका शब्दापासून निघून एका लहानशा वाडीतल्या घरापर्यंत पोचायला मला सहा वर्षं लागली. नीट माहिती असती, तर एका हिवाळ्यात काम झालं असतं. इंग्रज किंवा आयरिश घरात लग्न करून गेलेल्या मराठी मुली, इगतपुरी-भुसावळच्या रेल्वे वसाहतींतली अँग्लो-इंडियन घरं, किंवा ज्यांना या शोधाची नुसती ओढ लागली आहे अशांसाठी हे लिहिते आहे.

कपाटापासून सुरुवात

संगणक उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा. चहा घ्या, फोटो पुढे ठेवा आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘बहुतेक’, ‘असं म्हणायचे’ हे शब्दही गाळू नका. कॅथलिक घरात प्रार्थनापुस्तकात ठेवलेली मृतांच्या स्मरणाची छोटी छापील कार्डं असतात, त्यांवर मृत्यूची तारीख आणि वय असतं. बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहिलेले असतात. लष्करी पदकाच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. टोपणनावंही विचारा. ‘डेलिया’ आणि ‘बिडी’ या दोघी दाखल्यावर ब्रिजेट असू शकतात. नोरा चर्चच्या वहीत होनोरा असते.

मग नियम एकच: ज्ञात माणसाकडून अज्ञाताकडे, एका वेळी एक पिढी. आडनाव जुळतं म्हणून मधल्या दोन पिढ्या ओलांडून कुणा सरदाराला पकडू नका.

इंग्लंडचे दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून. आयर्लंडमध्ये कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १८४५ पासून, आणि सगळ्यांचं सगळं १ जानेवारी १८६४ पासून. या चार तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याआधीची नोंद सरकारी दप्तरात शोधत बसलात, तर वेळ वाया जाईल. ती चर्चच्या वहीत असणार.

इंग्लंडच्या नोंदींची सूची तिमाहीवार असते: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये नोंदवलेली घटना, घडलेली नव्हे. जन्म नोंदवायला सहा आठवड्यांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरातलं बाळ पुढच्या वर्षाच्या सूचीत सापडतं. ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर ही सूची फुकट पाहता येते, पण जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसतं. जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाने स्वतः नव्याने केलेल्या सूचीत ते थेट १८३७ पासून आहे. एकाच नावाची पाच बाळं समोर आली की आईच्या माहेरच्या आडनावानेच गाठ सुटते. म्हणून दोन्ही सूच्या शेजारी-शेजारी उघडा.

सूची म्हणजे दाखला नव्हे. खरा माल दाखल्यात असतो, आणि तो मागवावा लागतो. जुन्या नोंदींची डिजिटल प्रत कागदी दाखल्यापेक्षा स्वस्त पडते, आणि आपल्या कामाला ती पुरते.

दाखला आला की सावकाश वाचा. आईच्या रकान्यात ‘मेरी अमुक, लेट तमुक, फॉर्मर्ली ढमुक’ असं असेल, तर ‘फॉर्मर्ली’पुढचं आडनाव माहेरचं आणि ‘लेट’पुढचं आधीच्या नवऱ्याचं. म्हणजे ती विधवा होती आणि हे तिचं दुसरं लग्न, हे एका ओळीत कळलं. जन्माच्या तारखेपुढे वेळ लिहिलेली असेल तर जुळी मुलं असण्याचा दाट संभव. इंग्लंडमध्ये एरवी वेळ लिहीत नसत. शेवटी खबर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. सहीच्या जागी फुली असेल तर त्या बाईला लिहिता येत नव्हतं. सासूबाईंच्या पणजीची ती फुली पाहिली तेव्हा सासूबाई बराच वेळ त्या कागदावरून बोट फिरवत राहिल्या.

विवाहाच्या दाखल्यात वर-वधूच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय मिळतात. आयांची नावं मात्र नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये ती यायला २०२१ साल उजाडावं लागलं. साक्षीदारांची नावं नेहमी टिपा. परदेशी आलेल्या गरीब माणसाच्या लग्नात साक्षीला बहुधा भाऊ, बहीण किंवा गावचंच कुणी उभं राहतं.

शिरगणती

ब्रिटनमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. घरोघरच्या माणसांची नावं देशभर मिळतात ती १८४१ पासून. १८४१च्या वयांवर विश्वास ठेवू नका: पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती, म्हणजे एकोणचाळीसचा माणूस पस्तिसाचा होतो. नातं आणि जन्मगाव १८५१ पासून मिळतं. १९११ मध्ये कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हातानं भरलेला तक्ता पाहायला मिळतो. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, त्यांतली किती हयात आहेत, हेही त्यात आहे. १९२१ मध्ये वय वर्षं-महिन्यांत आहे आणि नोकरी कुणाकडे तेही आहे.

शिरगणती शंभर वर्षं बंद असते, म्हणून इंग्लंड-वेल्सची १९२१ची २०२२च्या जानेवारीत उघडली. तिथलीच १९३१ची १९४२ साली आगीत जळाली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेल्या राष्ट्रीय नोंदणीने भरून निघते, आणि तीत जन्मतारीख असते. इंग्लंडमध्ये राहत असाल तर पैसे भरण्याआधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी ‘अँसेस्ट्री’ किंवा ‘फाइंडमायपास्ट’ ही एरवी पैसे भरून पाहायची संकेतस्थळं तिथल्या संगणकावर फुकट वापरता येतात. ‘फॅमिलीसर्च’ हे संकेतस्थळ घरबसल्या फुकट आहे.

आडनावाचं स्पेलिंग सैल हातानं शोधा. गणनेला आलेला कारकून जे ऐकू आलं ते लिहायचा. आयरिश आडनावांतला ‘ओ’ आणि ‘मॅक’ एका दाखल्यात असतो, दुसऱ्यात गळतो. ओ’केली आणि केली एकाच घरातले सख्खे भाऊ असू शकतात.

समुद्र ओलांडायची घाई नको

इथेच बहुतेकांचा शोध अडतो. इंग्लंडच्या शिरगणतीत आयरिश माणसाच्या जन्मस्थळापुढे बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं. ते पाहून आपण लगेच आयर्लंडच्या संकेतस्थळावर नाव टाकतो आणि त्याच नावाची शंभर माणसं पुढे उभी राहतात. आयर्लंडमध्ये नावं मोजकी आणि माणसं उदंड. पॅट्रिक, मायकल, जॉन, मेरी, ब्रिजेट यांवर अर्धं गाव उरकतं.

त्यामुळे आयर्लंडमधलं ठिकाण इंग्लंडमध्येच शोधायचं. एकाच माणसाच्या सगळ्या शिरगणत्या पाहा; चारांत ‘आयर्लंड’ आणि पाचवीत गाव लिहिलेलं असतं. आमच्या आजोबांचं तसंच झालं: १९११ मध्ये नुसतं ‘आयर्लंड’, १९२१ मध्ये ‘मेयो, स्विनफर्ड’. त्याच्या भावंडांच्या नोंदी पाहा, घरात राहणाऱ्या भाडेकरूंच्याही पाहा. कबरीच्या दगडावर ‘अमुक काउंटीचा रहिवासी’ असं कोरलेलं सापडतं. कॅथलिक चर्चच्या विवाहवहीत, जी पुष्कळदा लॅटिनमध्ये असते, कधी सरकारी दाखल्यापेक्षा जास्त माहिती मिळते. प्रेस्टन ज्या काउंटीत आहे त्या लँकशरपुरतं बोलायचं तर ‘लँकशर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स’ या स्वयंसेवकांनी अशा असंख्य वह्या उतरवून फुकट ठेवल्या आहेत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आयर्लंडमध्ये काय जळलं, काय उरलं

‘आयर्लंडची दप्तरं जळाली, आता काही मिळत नाही’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. अर्धंच खरं आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला दप्तरखाना उद्ध्वस्त झाला. १८२१ ते १८५१च्या शिरगणत्या, मृत्युपत्रं, आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो पॅरिशच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) वह्या गेल्या. १८६१ आणि १८७१च्या शिरगणत्या तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, १८८१ आणि १८९१च्या पहिल्या महायुद्धात रद्दीत गेल्या. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे गणना झाली नाही.

पण जन्म-मृत्यू-विवाहांच्या सरकारी वह्या तिथे नव्हत्या, त्या शाबूत आहेत. कॅथलिक पॅरिशच्या वह्याही तिथे नव्हत्या. १९०१ आणि १९११च्या शिरगणत्या जवळजवळ संपूर्ण उरल्या आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या मूळ कागदांच्या चित्रांसह फुकट ठेवल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू ‘आयरिश जिनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानासह, तेही फुकट. कॅथलिक वह्यांची सुमारे १८८० पर्यंतची चित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून खुली केली आहेत. उत्तरेकडच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टचं सार्वजनिक अभिलेखागार आणि तिथलं वेगळं नोंदणी कार्यालय पाहावं लागतं.

आता ‘टाउनलँड’ हा शब्द पाठ करा. आपल्या सातबाऱ्यावर ‘मौजे’ असतं ना, तसंच हे. आयर्लंडमध्ये अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. काहींत चार घरं, काहींत चाळीस. त्यावर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. शिवाय जन्मनोंदणीचा जिल्हा गरीब-कायद्याच्या संघाप्रमाणे, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांप्रमाणे, पडतो आणि तो काउंटीची हद्द मोडूनही जातो. कॅथलिक पॅरिश आणखी निराळी: स्विनफर्डची माणसं किल्कॉनडफ आणि मीलिक या नावाच्या पॅरिशच्या वहीत सापडतात. म्हणून टाउनलँड मिळालं की ते कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या संघात बसतं हे आधी कागदावर मांडून घ्या.

टाउनलँड मिळतं कुठे? १८६४ नंतरच्या जन्मनोंदीत. तीत वडिलांचं राहतं ठिकाण आणि आईचं माहेरचं आडनाव दोन्ही असतं.

माझी मोठी चूक इथेच झाली. आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावरून वडिलांचं नाव कळलं होतं, जिल्हा स्विनफर्ड. त्या जिल्ह्यात त्याच नावाची, त्याच नावाच्या वडिलांची दोन बाळं निघाली, एक १८७५चं, एक १८७६चं. इंटरनेटवर कुणीतरी मांडलेल्या वंशवृक्षात पहिलं बाळ जोडलेलं होतं, मीही तेच उचललं. आठ महिने त्या घराण्याच्या मागे फिरले, सासूबाईंना त्यांची नावं पाठ झाली. मग मृत्यूची वही पाहिली: ते बाळ चार वर्षांचं असताना वारलं होतं. सासूबाईंना ते सांगताना मला फार जड गेलं. तेव्हापासून कुणालाही वंशवृक्षात घेण्याआधी तो लहानपणीच गेला तर नाही ना, हे मी मृत्यूच्या नोंदीत तपासते. तुम्हीही तपासा. दुसऱ्याच्या वंशवृक्षातून दिशा घ्या, पुरावा घेऊ नका.

आणखी एक: उशिरा नोंद केली तर दंड पडायचा, म्हणून जन्मतारीख पुढे सरकवून सांगण्याची रीत होती. त्यामुळे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा १० तारखेला आणि सरकारी वहीत जन्म २५ला, असं दिसलं तर माणूस चुकलेला नाही. बाप्तिस्मा खरा धरा.

कॅथलिक वह्यांतली लॅटिन नावं अवघड नाहीत. जाकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, योआनेस म्हणजे जॉन. ‘स्पॉ.’च्या पुढची दोन नावं धर्मपिता-धर्ममातेची. त्यांत बहुधा मामा-मावशी-आत्या असतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं ही रीत पुष्कळ घरांत होती. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. मात्र यावरून फक्त अंदाज बांधा.

१९०१ आणि १९११: एक घर जवळून

हे कागद मला सगळ्यात प्रिय आहेत. अर्ज ‘ए’ कुटुंबाचा: नाव, प्रमुखाशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, लग्न, जन्मकाउंटी, आणि आयरिश भाषा बोलता येते का. आमच्या घरात म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’ लिहिलं आहे, मुलांपुढे तो रकाना कोरा. एका पिढीत घरातली भाषा कशी गेली ते त्या रकान्यात दिसतं.

बरेच जण इथेच थांबतात, पण त्याच पानावरून ‘बी १’ आणि ‘बी २’ अर्ज उघडा. ‘बी १’मध्ये घराच्या भिंती दगड-विटांच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती. ‘बी २’मध्ये गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं खुराडं. आमच्या घराला पुढे दोन खिडक्या, गवताचं छप्पर, एक गोठा.

वयांचा घोळ मात्र लक्षात ठेवा. पणजोबांचं वय १९०१ मध्ये अठ्ठावन्न आणि १९११ मध्ये एकाहत्तर आहे. दहा वर्षांत माणूस तेरा वर्षांनी वाढला! कारण १९०८चा कायदा: जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, त्यांच्या वयाच्या पडताळणीसाठी १८४१ आणि १८५१च्या शिरगणतीत शोध घेतला जायचा. त्या शोधाचे अर्ज आज राष्ट्रीय अभिलेखागारात फुकट पाहता येतात. अर्जदाराचे आई-वडील, टाउनलँड आणि शोधाचं उत्तर त्यांवर असतं. मूळ शिरगणती जळाली, पण तिच्यातून उतरवलेली ही माहिती राहिली. तुमचा माणूस १८५१च्या आधी जन्मलेला असेल तर हे अर्ज पाहायलाच हवेत.

जमिनीचा कागद

१८६४च्या मागे जायचं तर ग्रिफिथचं मूल्यांकन. १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या आयर्लंडमधल्या जमिनी-घरांची कर आकारणीसाठी यादी झाली. यात फक्त कसणाऱ्याचं नाव, जमीनमालकाचं नाव, क्षेत्र आणि करासाठी ठरवलेली किंमत; बायकामुलं नाहीत. ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर नकाशासह फुकट आहे. त्याआधीची, चर्चसाठीच्या दशमांश करवसुलीची पुस्तकं १८२३ ते १८३८ दरम्यानची आहेत. यांच्यामध्ये दुष्काळ येतो: १८४५ पासूनच्या त्या वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. आधीच्या यादीत असलेलं आडनाव नंतरच्या यादीत नसेल, तर पुष्कळदा कारण तेच असतं.

ग्रिफिथनंतरच्या फेरफाराच्या वह्याही आहेत. जमीन बापाकडून मुलाकडे गेली की जुनं नाव खोडून नवं लिहायचे, आणि दर फेरीला शाई वेगळ्या रंगाची. सातबाऱ्याचे फेरफार ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे पान लगेच वाचता येईल. नाव खोडल्याचं साल मिळालं की त्याच्या आसपास मृत्यूची नोंद शोधा.

१८३७च्या मागे, आणि स्कॉटलंड

इंग्लंडमधल्या पॅरिशच्या वह्या १५३८च्या आदेशाने सुरू झाल्या. १७५४ पासून विवाहाची नोंद ठरावीक नमुन्यात, सह्या-साक्षीदारांसह मिळते. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत वडिलांचा धंदा आणि पत्ता येतो. वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल पाहा. १७५२च्या आधी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्या काळची फेब्रुवारीची तारीख जशीच्या तशी लिहा आणि पुढे आजच्या गणनेचं साल द्या.

स्कॉटलंडचं नशीब चांगलं. तिथल्या मृत्यूच्या नोंदीतही आई-वडील दोघांची नावं असतात, आणि सगळं ‘स्कॉटलंड्सपीपल’ या एका सरकारी संकेतस्थळावर आहे. चित्रापुरते पैसे भरायचे.

शोध मुंबईकडून सुरू होत असेल तर

महाराष्ट्रातल्या अँग्लो-इंडियन घरांचा रस्ता उलटा जातो. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह, दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात १७०९ पासून आहेत आणि ‘फाइंडमायपास्ट’वर पाहता येतात. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट आहे, सुरुवात तिथून करा. मूळ पुरुष सैनिक असेल तर त्याच्या पलटणीचं नाव धरून चला. मुंबईच्या युरोपियन पलटणीचीच पुढे रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. अशा पलटणींत आयरिश पोरं पुष्कळ होती. ब्रिटिश फौजेतून पेन्शनवर सुटलेल्यांचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९७’ या क्रमांकाखाली आहेत, आणि त्यांत भरती झालेल्याचं जन्मगाव-पॅरिश लिहिलेलं असतं. नोकरीत असतानाच वारलेला माणूस त्यांत सापडणार नाही. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे कागद मात्र १९४०च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त जळाले.

प्रत्येक नोंदीखाली ती कुठे पाहिली, कोणत्या दिवशी, पान कितवं, हे लिहा. शोधून न सापडलेलंही लिहा. आणि हयात माणसांची नावं-तारखा इंटरनेटवरच्या झाडावर उघड्या ठेवू नका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्विनफर्डला गेलो. ग्रिफिथच्या नकाशावरचा तुकड्याचा क्रमांक हातात होता. (शिरगणतीतला घरक्रमांक आणि हा क्रमांक वेगळे असतात, ते जुळवू नका.) दुकानात चौकशी केली, तर काउंटरमागच्या बाईंनी आडनाव विचारलंच नाही. आधी विचारलं, कोणतं टाउनलँड? सासूबाईंनी ते नाव उच्चारलं, आणि बाईंनी दुकानाच्या दारात येऊन हातानं रस्ता दाखवला.